पाचपैकी पाच

माझी उंची पाच फूट तीन इंच, तीही बूट घालून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. कुडाळच्या शाळेत पोरं मला ‘बुटक्या’ म्हणायची. माझ्या लग्नात बायकोच्या मामानं भर पंगतीत ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली आणि वर खो खो हसला. मी त्या मामाशी दोन वर्षं बोललो नाही. असा माझा स्वभाव. उंचीवरून कुणी बोललं की आपलं डोकंच सटकतं, मग समोर कोण आहे ते बघत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी फिजिओथेरपिस्ट म्हणून कुवेतला गेलो. बायको आधीपासून तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स होती. म्हणजे खरं तर मीच तिच्या मागून गेलो, आणि ‘झिलगो सासरी गेलो’, म्हणजे पोरगा सासरी गेला, अशी आमच्या गावात बरेच दिवस थट्टा चालली. राहायला अब्बासियात, नोकरी हवल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यात. आमच्या खात्यात दोघेच फिजिओ. एक मी आणि दुसरा इजिप्तचा, सव्वासहा फुटी, त्याच्या दोन पंजांखाली पेशंटची अख्खी पाठ मावायची. पेशंट साहजिकच त्याच्याकडे जायचे. माझ्या वाट्याला गुडघे धरलेल्या आजीबाई आणि कॉम्प्युटरपुढे मान मोडून घेतलेले हिशेबनीस. माझं काम त्याच्यापेक्षा चांगलं होतं, हे मी आजही सांगेन. पण बघणाऱ्याला आकार दिसतो.

अशात एका हिवाळ्यात एक नवा पेशंट दवाखान्यात आला. दारातून तिरका होऊन आत शिरला. तेहतीस वर्षांचा, वेल्सचा, एकशे अठरा किलो. मान अशी नव्हतीच, कानाखालून थेट खांदे सुरू व्हायचे. कान तर तळताना चुरगळलेल्या पुरीसारखे झाले होते. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, कुणाकडे पाठवू, तर त्यानं माझं नाव सांगितलं. आत येऊन मला म्हणाला, “तुझं नाव ऐकून आलोय. मला तूच हवास.”

काय सांगू, त्या दिवशी मी दोन बोटं उंच झालो. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, कळलं. पेपरात द्या आता.”

तो रग्बी खेळायचा. नुसता खेळायचा नाही, पगार घेऊन खेळला होता, सात वर्षं. मला त्या खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं. माझ्या टेबलाला तोंडाच्या जागी एक भोक आहे. पेशंट पालथा झोपला की तोंड त्या भोकात जातं आणि तो जमिनीकडे बघत बोलतो. त्याची सगळी कहाणी मी अशी खालून ऐकली. वर ती मोठी पाठ, माझे दोन अंगठे तिच्यात रुतवलेले, आणि टेबलाखालून येणारा आवाज.

त्याचं काम असं. प्रत्येक बाजूचे आठ गडी वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांत अडकतात आणि दोन्ही बाजू समोरासमोर ढकलतात. त्याला स्क्रम म्हणतात. सगळ्यात पुढच्या ओळीत तिघं. त्या तिघांच्या मागे स्वतःच्या पाच माणसांचा रेटा आणि समोरून परक्या आठांचा. मध्ये यांच्या माना. त्या पुढच्या ओळीतला उजवीकडचा गडी म्हणजे हा. त्याला प्रॉप म्हणतात, म्हणजे टेकू. “बॉल माझ्या हातात मॅचमध्ये दोनदा यायचा,” तो म्हणाला. “बाकी ऐंशी मिनिटं मी टेकू.” लोकांना पळणारा दिसतो, टाळ्या त्याला. हा आत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणार.

सतरा वर्षांचा असताना तो गावच्या टीमकडून उतरला. तेव्हा या खेळात पैसे घ्यायची बंदी होती. दिवसभर घरांच्या छपरांवर कौलं बसवायची आणि संध्याकाळी सराव. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर खेळ पैशाचा झाला, आणि एका क्लबानं त्याला कागदावर सही करायला बोलावलं. त्याच्या बापाला ते खरंच वाटेना. ढकलण्याचे पैसे? सात वर्षांत तीन क्लब झाले. कधी दोन वर्षांचा करार, कधी एकाचा. रविवारी सकाळी मान वळायची नाही म्हणून दाढी करताना अख्खं अंग वळवायचा. लग्न झालं आणि मोडलंही. एकदा देशाच्या संघात राखीव म्हणून निवडला गेला, तो कोट घालून बाकावर बसला, आणि मॅच संपली. बोलावणं आलंच नाही. पुढे कधीच नाही.

“मग का सोडलंस?” मी विचारलं.

 टेबलाखालून म्हणाला, “मी नाही सोडलं. सुट्टीत घरी दोन ओळींचं पत्र आलं. पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. म्हणजे मी जी मॅच खेळून आलो होतो ती शेवटची होती, आणि ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. ठाऊक असतं तर थोडा वेळ तरी मैदानात थांबलो असतो रे.”

त्यानंतर तो कुवेतला आला. एका कंपनीत पहारेकऱ्यांना व्यायाम शिकवायची नोकरी. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तिथल्या गोऱ्यांची हौशी टीम होती, तिच्यात खेळायचा. मैदान कसलं, वाळूवर पाणी मारून उगवलेलं खुरटं गवत. पडलं की गुडघे सोलून निघायचे. त्याच्या आग्रहानं मीही शुक्रवारी जायला लागलो. पट्ट्या बांधायच्या, मुरगळलेलं बघायचं, फुकट. बायको म्हणायची, “आठवड्यातून एक सुट्टी, तीही गोऱ्यांची पायधूळ झाडायला.” पण मला आवडायचं. ते सगळे मोठमोठे गडी माझ्यासमोर पाय पुढे करून निमूट बसायचे.

तिथे मी त्याला खेळताना पाहिला आणि समजलो की हा माणूस दुसरं काही नाही, हेच आहे. बाहेर तो अवघडलेला असायचा, खुर्चीत, गाडीत, दारात. स्क्रम सुरू झाला की ते सगळं अवघडलेपण जायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा क्लबानं काढला तरी त्याच्यातला टेकू शाबूत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तो एक दिवस वेळ न घेताच आला. चेहरा उजळलेला. फ्रान्समधल्या एका छोट्या क्लबाचा फॅक्स आला होता. त्यांचा प्रॉप हंगामाच्या मध्यावर जायबंदी झाला होता आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी त्यांना माणूस हवा होता. पैसे काही फार नव्हते, ते तो बोललाही नाही. “चार महिने,” तो म्हणाला. “शेवटची मॅच कधी ते आधीच ठरलेलं. मला माहीत असणार. समजतंय ना तुला?” मला समजत होतं. फक्त एक अट होती. मानेचा एक्स-रे आणि दवाखान्याचा दाखला, की हा माणूस खेळायला तंदुरुस्त आहे.

आमच्याकडे दाखल्यावर सही हाडांच्या डॉक्टरांची. हैदराबादचे होते, मोठा माणूस, दिवसाला साठ पेशंट. ते एक्स-रे बघायचे आणि ताकदीची तपासणी माझ्यावर सोडायचे. मी जे लिहीन त्याखाली सही. अशीच आमची पद्धत होती.

आता ही तपासणी कशी ते सांगतो. आम्ही हातानं करतो. पेशंटनं हात ताठ धरायचा, मी तो दुमडायचा प्रयत्न करायचा. मग दुसरा हात. गुण शून्य ते पाच. शून्य म्हणजे हालचालच नाही. पाच म्हणजे मी पूर्ण जोर लावला तरी पेशंट हरला नाही. मानेतली नस दबली असेल तर त्या बाजूचा हात कुठेतरी कमी पडतो, आणि ते आमच्या हाताला कळतं. निदान कळायला हवं.

मी त्याचा उजवा हात धरला, लोंबकळलो म्हणा ना. हलला नाही. डावा धरला. तोही हलला नाही. खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळं तपासलं. कुठेच मला तसूभर जागा मिळाली नाही. छोटी हातोडी दंडाच्या मागे मारली. उजवीकडे हात जरासा उडाला, डावीकडे नाही उडाला. एवढ्या मांसातून काय उडणार, असं मी मनाशी म्हटलं. घामाघूम होऊन हसलो. तोही हसला. आणि मी दोन्ही हातांपुढे लिहिलं, पाचपैकी पाच.

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे पाहिला, या खेळात एवढी झीज असतेच म्हणाले, सही केली. त्याच दुपारी फॅक्स गेला. दोन आठवड्यांनी त्याचं विमान होतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याला दुपारी जेवायला बोलावलं, निरोपाचं म्हणून. शर्कच्या मासळी बाजारातून मी सुरमई आणली, बायकोनं तिखलं केलं, भात, सोलकढी. आमच्याकडे टेबल नव्हतं. तो खाली मांडी घालून बसला, म्हणजे प्रयत्न केला. हाफ बाह्यांचा टी-शर्ट घातला होता. जेवला मात्र पोटभर, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी आणखी वाढ म्हणायचा. बायको वाढायला त्याच्या मागून दोनदा गेली. उठताना तो उजव्या हातावर रेटा देऊन उठला. मला त्यात काहीच दिसलं नाही.

तो गेल्यावर ती ताटं उचलता उचलता म्हणाली, “अहो, त्याचा डावा दंड बघितलात?”

“काय झालं दंडाला?”

“मागून उतरलाय. उजवा भरलेला आहे आणि डावा मागच्या बाजूनं पोकळ दिसतो. आणि वाटी डाव्या हातात धरली होती ना, तर मधलं बोट सरळच. वाटीला लावतच नव्हता.”

माझं डोकं सटकलं. “तू नर्स आहेस, इंजेक्शनं दे. मी तपासलंय त्याला. पाचपैकी पाच.”

“कुणाच्या जोरावर पाच?” ती म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली, टोमणा नव्हता तो. ताटं घेऊन आत गेली.

मी तसाच बसून राहिलो.  अरे देवा! कुणाच्या जोरावर? माझ्या. बावन्न किलोच्या माणसाच्या. त्याच्या हातातली अर्धी ताकद गेली असती तरी उरलेली अर्धी माझ्या दुप्पट होती. मी एका बैलाला काठीनं टोचून म्हटलं होतं की हलत नाही, म्हणजे धडधाकट आहे. त्या सव्वासहा फुटी इजिप्शियनाच्या हाताला कदाचित लगेच कळलं असतं. माझ्या हाताला कळणं शक्यच नव्हतं, आणि हे मला सुचलंसुद्धा नाही, कारण मी कुणापेक्षा कमी आहे हे मी जन्मात कधी मनात येऊ दिलेलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करून दवाखान्यात बोलावलं. सामानाची बांधाबांध चालली होती, कशाला हवाय मी, म्हणाला. ये म्हटलं. आल्यावर मी त्याला हात लावला नाही. भिंतीसमोर उभा केला, दोन पावलं मागे, आणि म्हटलं, एका हातानं भिंत ढकल, कोपर वाकव आणि सरळ कर. आता त्याचं माप त्याचंच वजन. उजव्या हातानं तीस वेळा केलं, श्वाससुद्धा वाढला नाही. डाव्या हाताला म्हटलं, कर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “नको,” म्हणाला.

“कर.”

पाच झाले. सहाव्याला कोपर थरथरलं आणि तो कपाळ भिंतीला टेकून तसाच राहिला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“अकरा महिने. मधलं बोट त्याआधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी वर्षभर तुझी मान दाबतोय!”

“सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस.”

मला इतका राग आला की आवाज चढला. म्हटलं, मला फसवलंस, माझ्या हातून खोटं लिहून घेतलंस. तेव्हा तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, ती मी स्पष्ट पाहिली. म्हणाला, “पहिल्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. तो इजिप्तवाला पेशंटला धरून आत नेत होता. आणि त्याच्या मागून तू गेलास. मी रिसेप्शनला तुझं नाव विचारून घेतलं. पुढेमागे कागद लागला तर तूच बरा, असं वाटलं. तू लहान आहेस म्हणून मी तुझ्याकडे आलो.”

नाव ऐकून आलोय! मी बायकोला तीनदा सांगितलेलं.

पृथ्वी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आयुष्यात उंचीवरून पुष्कळ बोलणी खाल्ली, पण हे वेगळं होतं. हा मामासारखा हसला नव्हता. त्यानं मला नीट मोजलं होतं, आणि त्याचं माप बरोबर निघालं होतं.

“जे झालं ते झालं,” तो म्हणाला. “कागद गेलाय. तू काही केलेलं नाहीस, तुला दिसलं ते लिहिलंस. चार महिने. मी काही मागत नाही, फक्त गप्प राहा.”

“स्क्रममध्ये मान गेली तर? हात राहू दे, दोन्ही पाय जातील तुझे. माहीत आहे ना?”

“माहीत आहे. मी टेकू आहे, मला नाही तर कुणाला माहीत असणार?” मग हळू आवाजात म्हणाला, “एकदा मला माझ्या हातानं संपवू दे. बस.”

तो गेला. मी पुढच्या आजीबाईंचा गुडघा घेतला आणि कुठला गुडघा ते विसरलो.

खोटं कशाला सांगू, गप्प राहणं सोपं होतं. तोंड उघडलं तर डॉक्टरांसमोर कबूल करायचं की मला तपासता आलं नाही, आणि त्यांची सही चुकीच्या कागदावर झाली. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दवाखान्याच्या हातात. नोकरी गेली तर महिनाभरात गाशा गुंडाळायचा. शिवाय आमच्या पेशात पहिल्यापासून शिकवलेलं, डॉक्टरनं सही केली की फिजिओनं तोंड उघडायचं नाही. दोन दिवस मी जेवलो नाही धड.  तिसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात देताना बायको एवढंच म्हणाली, “आपण दोघं कुठेही नोकरी करू शकतो. तेवढं लक्षात असू द्या.”

मी थेट डॉक्टरांच्या खोलीत गेलो. बाहेर बारा पेशंट बसलेले. सगळं सांगितलं, भिंत, पाच वेळा, माझं वजनसुद्धा. त्यांनी चष्मा काढला. “मियाँ, वो मेरी साइन है! मेरी!” असं इतक्या जोरात ओरडले की रिसेप्शनची मुलगी आत डोकावली. मी खाली मान घालून उभा राहिलो. मी! एरवी एकाला दोन उत्तरं देणारा. मग ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “बैठो. लिखो.” मी मजकूर लिहिला, त्यांनी सही केली. आधीचा दाखला रद्द, मानेचा एमआरआय होईपर्यंत खेळू नये. माझी नोकरी गेली नाही. पुढे पाच वर्षं मी तिथेच होतो, आणि त्या दिवसाचा त्यांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

त्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि फोन ठेवला.

एमआरआय झाला. मानेतली चकती सरकून नसेवर बसली होती, आणि मज्जारज्जूची वाटही अरुंद झाली होती. सर्जननं सांगितलं, चाला, पोहा, पण पुन्हा कुणाला डोक्यानं ढकलू नका. फ्रान्सच्या क्लबानं दुसरा माणूस बघितला. बांधलेलं सामान परत सोडून तो कामाला लागला. माझ्याकडे यायचा बंद झाला, इजिप्तवाल्याकडे जायला लागला. कॉरिडॉरमध्ये दिसला की मी बाजूला व्हायचो. तो न बघता पुढे जायचा.

शुक्रवारी मात्र मैदानावर यायचा, नुसता बघायला. मीही जायचो. तो एका टोकाला उभा, मी दुसऱ्या. असे सात-आठ शुक्रवार गेले. माझं जाणं बंद करावं असं अनेकदा मनात आलं. पण मग त्याला वाटलं असतं की मला लाज वाटते. आणि मला लाज वाटत होतीच, पण ती चुकीच्या दाखल्याची. दाखला रद्द केल्याची नव्हे.

हंगामाची शेवटची मॅच बहारीनहून आलेल्या टीमशी होती. मार्चअखेर, ऊन तापायला लागलेलं. अर्धा तास उरला असताना आमच्या प्रॉपच्या बरगडीला मार बसला. मी धावत गेलो, बघितलं, याला बाहेर काढा म्हटलं. त्याच्या जागी जाणारा बदली खेळाडू आधीच लंगडत बाहेर येऊन बसलेला.

या खेळात एक नियम आहे, तो मला त्या दिवशी नीट समजला. पुढच्या ओळीत कुणालाही उभं करता येत नाही. जो ते काम शिकलाय त्यालाच. नाहीतर मान मोडते. म्हणून रेफरीला विचारावंच लागतं, तुमच्याकडे शिकलेला माणूस आहे का? नसेल तर उरलेल्या मॅचमध्ये स्क्रम नुसता नावापुरता. दोन्ही बाजूंनी वाकायचं, टेकायचं, ढकलायचं नाही. आणि आम्ही जिंकत होतो ते ढकलण्याच्याच जोरावर.

रेफरी रेषेजवळ आला. “पुढच्या ओळीचा कुणी आहे का?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. कप्तान त्याच्याकडे बघून म्हणाला, “फक्त अर्धा तास. बूट गाडीत असतील ना तुझे?” कप्तानाला एमआरआयचं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्या वेल्सवाल्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की फ्रान्सचं काम पैशावरून फिसकटलं.

त्याचे हात खिशात होते. त्यानं एक खिशातून काढला, उजवा. मी तोंड उघडणार होतो. शपथेवर सांगतो, ओरडणार होतो सगळ्यांसमोर. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो मैदानाकडे बघत होता, जिथे समोरची तीन माणसं आधीच वाकायला तयार होऊन उभी होती.

रेफरीनं सरळ त्यालाच विचारलं, “तू प्रॉप आहेस?”

“खेळायचो,” तो म्हणाला. “आता नाही खेळत.”

“नक्की?”

“नक्की.”

कप्तानानं शिवी दिली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेली. कुणीतरी म्हणालं, घाबरला. तो तेही ऐकत उभा राहिला. खुलासा केला नाही. रेफरीनं दोन्ही कप्तानांना सांगितलं, ढकलायचं नाही, आणि मॅच पुन्हा सुरू झाली. सोळा माणसं वाकली, एकमेकांना टेकली आणि नुसती उभी राहिली. आम्ही ती मॅच हरलो.

पण ते नंतर. त्याआधी, दुसरा की तिसरा असा पोकळ स्क्रम चालू असताना, तो सगळी रेषा चालत माझ्या बाकापाशी आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“झालं तुझं समाधान?” मैदानावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

खरंच नव्हतं झालं. मला वाटलं होतं की खरं बोललं, बरोबर वागलं की छाती हलकी होते. काही हलकी होत नाही. त्या माणसानं सोळा-सतरा वर्षं जे केलं ते आता आपलं नाही, असं त्यानं चारचौघांत, शिव्या खात, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि ते सांगायची पाळी मी त्याच्यावर आणली होती. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, त्यात मला शंका नाही. पण त्या दुपारी उन्हात, इतक्या लोकांदेखत, मी त्या बाकावर बसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो, आणि तो माझ्या शेजारी उभा राहून मॅच संपेपर्यंत मैदानाकडे बघत राहिला.